कोऱ्या मडक्यातले वाल

आये, आज वैशाखातली पुनव. तू गेलीस त्याला बारा वर्षं होत आली. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी लिहायला बसलो आहे. तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा मी तोंड मिटून घेतलं होतं.

तू जाण्याच्या कितीतरी आधी, एका वर्षी, लंकेहून पिवळ्या वस्त्रांतले दोन भिक्षू आगगाडीने ठाण्याला आले होते. पुनवेला त्यांच्या बुद्धाचा जन्मदिवस, आणि तो त्यांना कान्हेरीच्या लेण्यांत, त्यांच्या धर्माच्या जुन्या मठात, साजरा करायचा होता. मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो. त्यांच्या दुभाष्याने डोंगरातली वाट विचारली, तर मी वाट सांगून वर त्या दिवशीचं जेवणही मोठ्या तोऱ्यात कबूल करून आलो. रांधणार तू आणि तोरा माझा. "लंकेचे? मंग रावनाचे गाववालंच की रं!" म्हणून तू पोट धरून हसलीस. पण लगेच कामाला लागलीस. मीठ ओढायचे ऐन दिवस, तरी मिठागरावर खाडा केलास. घरातल्या सगळ्या भांड्यांना मासळीचा वास, तो साधूंना कसा चालेल, म्हणून कुंभाराकडून कोरं मडकं आणलंस. पुनवेच्या पहाटे त्यात वाल शिजवलेस, तांदळाच्या भाकऱ्या केळीच्या पानात बांधल्यास आणि सगळं टोपलीत ठेवून ती माझ्या हातात देऊन म्हणालीस, "डोईवर घे, बाला. हातानं कलंडंल."

अंधार होता तोवर मी ती डोक्यावर घेतली, पागोटं काखेत मारून. उजाडलं तशी उतरवली. अंगात कोट, आणि डोक्यावर मिठागरातल्या माणसासारखी टोपली! कोणी ओळखीचं भेटलं तर? येऊरच्या पाड्याशी आलो आणि ओझं घ्यायला माणूस मिळेल म्हणून झाडाखाली बसलो. पाडा सगळा करवंदं काढायला रानात गेलेला. एक म्हातारा परतला आणि टोपली त्याच्या डोक्यावर दिली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. सूर्य डोक्यावरून कलला की हे लोक पाण्याशिवाय काही घेत नाहीत, हे दुभाष्याने मला दोनदा बजावलं होतं. तुला मी फक्त "लवकर न्यायचंय" एवढंच म्हणालो होतो.

मी पोचलो तेव्हा दगडी स्तूप टाक्यातल्या पाण्याने धुऊन झाला होता, त्याच्यापुढे चाफ्याची फुलं होती, आणि दोघे उपाशीपोटी काहीतरी म्हणत बसले होते. थोरल्या भिक्षूने टोपलीकडे पाहिलं, मग उन्हाकडे. रागावला नाही. उठून आला, मडक्यावर दोन्ही तळवे ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि दुभाष्याला काही म्हणाला. दुभाषी मला म्हणाला, "बाबा बोलते हैं, माँ को कहना, दान पहुँच गया."

एवढा निरोप होता, आये. तो मी तुला दिला नाही.

कारण संध्याकाळी तू टोपली उघडलीस, न शिवलेल्या भाकऱ्या पाहिल्यास आणि हळूच म्हणालीस, "आपले हातचा नको झाला आसंल त्यांना." निरोप द्यायचा तर उशीर का झाला तेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "तसंच असेल." तू मडकं घासलंस, वाळवलंस आणि उतरंडीच्या मागे पालथं घातलंस. त्यात पुन्हा कधी काही शिजलं नाही. पुढे दारात गोसावी आला तरी तू कोरे तांदूळच घालायचीस. "शिजवलेला नको, आपला चालनार नाय," म्हणायचीस, आणि मी ओटीवर पुस्तक उघडून बसलेला असायचो. तुझ्या हातचं त्यांना नकोसं नव्हतं गं. तुझी टोपली मला नकोशी झाली होती.

आज पहाटे तुझ्या सुनेकडून त्याच मडक्यात वाल शिजवून घेतले. म्हटलं, लेण्यांत आता कोणी नसलं तरी पाड्यावर चार माणसं जेवतील, आणि न्यायचं ते डोक्यावरूनच न्यायचं. निघालोही तसाच. मग उजाडलं, समोरून शाळेतली दोन पोरं येताना दिसली, आणि मी टोपली खाली उतरवली.