पुरेल का, एवढंच सांग

माय, मी बोलून राह्यले, धाकटी. जिती होतीस तेव्हा मला हाक मारायला आधी दोघी बहिणींची नावं घ्यायचीस, मंग शेळीचं आणि मंग माझं. आता इतक्या वर्षांनी तर शेळीवरच थांबशील. मला अजून अक्षर येत न्हाई. मी सांगते आणि माझी नात लिहिते. पोराची पोरगी, तू न पाहिलेली.

हिची उद्या औरंगाबादेला परीक्षा आहे, मोठ्या कॉलेजात जायची. मागच्या बारीला वेळ संपला आणि किती तरी प्रश्न वाचायचेच राहिले. बाप म्हणतो, ही शेवटची बारी. तो ओरडून बोलला असता तर बरं होतं. हळू बोलला, म्हणून मला सकाळपासून चहा गोड लागत न्हाई.

यांचे प्रश्न मोठे अजब असतात. उत्तर काढायचंच न्हाई म्हणे. दिलेली माहिती उत्तराला पुरेल का, तेवढंच सांगायचं. म्हणजे भाकरी थापू नको, डब्यातलं पीठ पुरेल का ते सांग. आज हिनं एक वाचून दाखवला. एक्स आणि वाय, दोन्ही शून्याच्या वरचे, त्यांचं गुणोत्तर काय? पहिली माहिती, एक्सची तिप्पट म्हणजे वायची पाचपट. दुसरी, दोघांची बेरीज सोळा. मोबाइलमधले सर म्हणाले, पहिलीच पुरते, पाचास तीन, खूण करा आणि पुढं चला. ही कुठली चालते? बेरीज घेऊन बसली, एक्स दहा, वाय सहा असं काढलं, पडताळून पाहिलं आणि मंग घाम पुसला. तोवर सर तीन प्रश्न पुढं गेल्ते.

मी म्हणलं, सोडून दे ना बाई. तिनं मान वर न करता सांगितलं, "आजी, अर्ध्यातून उठवत न्हाई. तूच लावलंस ते."

आणि मला कुणी लावलं, माय? आपण जात्यावर समोरासमोर बसलेलो. दारात कासारीण आली. तिच्या टोपलीत हिरव्या बांगड्या दिसतात आणि मी घास जात्यातच ठेवून उठते. तू मनगट धरलंस, ते अजून सुटलं न्हाई. म्हणालीस, "जात्यात दाणे ठेवून उठलेल्या बाईच्या घरी कुणी तरी उपाशी निजतं." दळून होईस्तोवर कासारीण पुढच्या आळीला गेल्ती. तेव्हापासून मी काही अर्धं टाकलं न्हाई, आणि या पोरीलाही शेंगा फोडायला बसली की सूप रिकामं होईस्तोवर उठू दिलं न्हाई.

दुपारी मी तिला म्हणलं, तू वाच, पुरलं की मी टाळी वाजवते, तू तिथंच थांब. मला त्यातलं काय कळतंय, अंदाजानं वाजवली. ती म्हणाली, आजी, अजून माहिती वाचलीच न्हाई. दोघी हसलो. मंग खरंच थांबायला लावलं, तर पेन खाली ठेवलं तिनं, पण ओठ हलून राह्यलेले. आतल्या आत आकडे चाललेले. 

माझ्या सांगण्यानं हे सुटायचं न्हाई. जात्यातला तो घास तुझा आहे, पोरीला मोकळं तूच कर. म्हणून ठरवलं, हे पत्र अर्ध्यातच ठेवायचं. न्हाई तरी धाडायचं कुठं? तुझ्या शेवटच्या आजारपणाचं बोलायचं होतं, ते राहू दे. उद्या तिला अर्धं सोडायचंय, तर आज मी सोडून दाखवते. तिला म्हणते, पेन ठेव. ती म्हणते, आजी, वाक्य तर संपव. खरं सांगू, तिच्यापेक्षा मलाच उठवत न्हाई.

तू रुसलीस की माहेराहून, परतूरहून, काही येत नसायचं. राग गेला की एस्टीच्या ड्रायव्हरजवळ फडक्यात बांधलेलं यायचं. तर या अर्ध्या पत्रावर रुसली नसशील, तर उद्याच्या पहिल्या गाडीआधी पोरीसाठी धपाटे धाड. वर लसणाची चटणी ठेव, दही नको, वाटेत सांडतं.