सत्काराआधीचा खोकला

१७ मार्च, सोमवार

सकाळी मुलगा, अनिल, मुंबईला परत गेला. शिमगा झाला, त्याची रजा संपली. आमटी-भात केला. दुपारी झोपलो. खोकला आहेच. तीन आठवडे झाले असतील.

संध्याकाळी खंडू सरपंच आला. चोवीस तारखेला क्षयरोग दिन. गावाला टीबीमुक्त पंचायतीचं प्रशस्तिपत्र मिळणार आहे. ते सावित्रीच्या नावाने मी, तिच्या नवऱ्याने, घ्यायचं म्हणे! "आयुष्यभर नर्सबाई म्हणून ह्या वाड्या तुडवल्यान् काकींनी. आरोग्य खात्याचा इतिहास तुमच्या घरात घडला, मास्तर. पाच मिनिटं बोला."

मी पोस्टातला माणूस. जाळीमागून लागेल तेवढंच बोललो जन्मभर. पण तिच्या नावाने आहे. दिवाळीत गेली ती, त्यानंतर तिचं नाव कुणी एवढ्या मोठ्याने घेतलं नव्हतं. हो म्हटलं.

जाताना खंडू पायरीवर थांबला. "तेवढा खोकला आवरा हां. पाहुणे जिल्ह्यावरनं येतायत. चोवीसपर्यंत नवा पेशंट नको."

१८ मार्च

भाषण लिहायला बसलो. दिल्लीचं आरोग्य खातं! मला ते कधी दिसलं नाही. मला दिसली ती दारामागच्या खुंटीवरची सावित्रीची पिशवी.

ती नोकरीला लागली तेव्हा कुटुंब नियोजन होतं. पिशवीत लाल त्रिकोणाची पत्रकं. बायका पत्रक बघून तोंडाला पदर लावायच्या. वर्षभरात दिल्लीने नाव बदललं — कुटुंब कल्याण. "नाव बदललं, चढण तीच," म्हणाली. मग पोलिओचे रविवार. निळा डबा खांद्याला, बर्फ वितळायच्या आत धनगरवाडी गाठायची. क्षयाच्या गोळ्या तर समोर बसवून गिळायला लावायची. वाडीतल्या दादूने एकदा गोळी गालात धरली, तर त्याला दोनचा पाढा म्हणायला लावला! बे साते चौदाला गोळी बाहेर.

आता क्षयाचं 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' आलं. उपकेंद्राचं आरोग्य मंदिर झालं. बोर्ड नवा आहे, छान आहे.

एकटाच हसत होतो. मग खोकला.

१९ मार्च

आमच्या वाडीची आशाताई ऋतिका आली. हातात प्लास्टिकची डबी. "काका, खोकला ऐकू येतो रस्त्यापर्यंत. बेडका द्या."

म्हटलं, चोवीस तारखेनंतर बघू.

"आत्ता."

मागच्या पडवीत जाऊन डबी भरून आणली. तिने ती उजेडात धरली. "ही नुसती लाळ! नर्सबाईंच्या घरात?"

चुकून नव्हती दिली. मुद्दाम दिली. सत्कार बिघडू नये म्हणून.

तिला कळलं बहुतेक. "काका, सापडलेल्या पेशंटला गोळ्या मिळतात. न सापडलेला सत्काराला येऊन पहिल्या रांगेत बसतो."

दुसरी डबी ठेवून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

२० मार्च

उठल्याबरोबर चूळ भरली, खोल श्वास घेतला, छातीतून खोकून डबीत दिलं. ऋतिका घेऊन गेली. डबीकडे बघून मान हलवली — पास!

२४ मार्च

झालं एकदाचं! मंडप, हार, फोटो. खंडूने माईक दिला. मी तोंडावर रुमाल बांधून. लिहिलेलं सगळं विसरलो. पिशवीचं सांगितलं. मग का कोण जाणे, लाळेचंही सांगितलं. म्हटलं, "नर्सबाईचा नवरा असून मी फसवलं. तुम्ही फसवू नका. खरा बेडका आता तपासणीला गेलाय. सकाळचा द्यायचा, छातीतला."

मागून दादू ओरडला, "मास्तर, प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे!"

पाहुणेसुद्धा हसले. खंडू सोडून सगळे. प्रशस्तिपत्र दिलं तरी. नंतर ऋतिकाकडच्या डब्या संपल्या! तिने लांबूनच हात जोडले.

सावित्रीला आवडलं असतं. इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

२५ मार्च

खंडू बोलत नाही. त्याची बायको ऋतिकाकडून नवी डबी घेऊन गेली पण!

२७ मार्च

रिपोर्ट आला. मला क्षय आहे. गोळ्या मिळाल्या, बरा होईन म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला खोकला होता? म्हटलं, बायकोला. अख्खा पावसाळा. अंगाने उतरली होती. आम्ही वय म्हणालो.

"बेडका तपासला होता?"

नाही. तिच्यापुढे डबी कोण धरणार?



घरी आलो. खिडक्या उघडल्या. दोन्ही उशा उन्हात टाकल्या.