डावी कूस

१३ एप्रिल
गेले नाही! नातीचं बारसं मुलुंडला, आणि आजी बोरिवलीत पंखा बंद करून बसलेली. ब्लाऊज घालून पाहिला. दोन हुक लावले आणि काढून फेकला. डाव्या बरगडीखाली कापड नुसतं टेकलं तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. निलेशला सांगितलं, ताप आहे. मुलाला ब्लाऊजचं काय सांगणार?

रुचिरा नाव ठेवलं. फोटोत पाहिली.

१६ एप्रिल
समोरची लता आली. दार किलकिलं करूनच बोलले. अंगात ह्यांचा जुना सदरा, तोही उलटा, शिवणी बाहेर. हे गेले, सदरा तेवढा उपयोगी पडतोय.

"नागीण जानेवारीतच सुकली ना गं तुझी? मग आता काय दुखतंय? तेव्हाच काव लावायची होतीस!"

सुकली. डागसुद्धा फिकटले. मलाच कधी कधी वाटतं, मी नाटक करतेय की काय.

२२ एप्रिल
डॉक्टर अपूर्वा. नुसत्या दुखण्याचे वेगळे डॉक्टर असतात हे आज कळलं. तिनं चित्र काढून दाखवलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं म्हणून डोक्यात शिरलं!

विषाणूनं नस दुखावली. तिनं मज्जारज्जूत निरोप धाडला. तिथल्या राखणदार पेशी जाग्या झाल्या, त्या अजून झोपल्याच नाहीत! एक प्रथिन सोडत बसल्यात. त्यानं पुढच्या पेशीतला क्लोराइड बाहेर टाकणारा पंप मंदावतो, क्लोराइड आत साचतं. मग 'थांब' सांगणारं रसायन — गाबा — येतं, पण त्याचं कोणी ऐकत नाही. कधी तर 'थांब' म्हटलं की पेशी आणखी चेकाळते.

"म्हणून साधा वारा लागला तरी चटका बसतो. नाटक नाही हे, काकू."

रडले तिच्यासमोर. हे बरंचसं उंदरांत दिसलंय म्हणे, माणसांत अजून शोधतायत. गोळ्या दिल्यात. पूर्ण थांबेलच असं नाही म्हणाली.

२४ एप्रिल
गोळीनं गरगरतंय. दुखणं आहे तिथेच.

३० एप्रिल
निलेशचा फोन. "रविवारी रुचिराला घेऊन येऊ का?"

"नको रे, उन्हाचं कशाला."

"बरं."

बरं! एवढंच! पाठीच्या कण्यात 'थांब' म्हटलेलं कोणी ऐकत नाही, आणि माझं 'नको' मात्र घरचे पहिल्या झटक्यात ऐकतात. पोरीला घेतलं आणि किंचाळले तर? घाबरेल ती. म्हणून नको म्हटलं. मला ती हवी आहे. फार हवी आहे.

४ मे
रविवार. कोणी नाही.

११ मे
प्रांजल आली! ना फोन, ना काही. सून दारात पोरीला घेऊन, आणि मी उलट्या सदऱ्यात. आत येऊन तिनं सवयीनं पंखा लावला, मी कळवळले. मग सगळं सांगावंच लागलं. बारशाचा खोटा तापसुद्धा.

"आई, काय हो तुम्ही! माझे टाके ओले होते तेव्हा मी महिनाभर गाऊनमध्येच होते की. उलट्या सदऱ्यात आला असतात तरी चाललं असतं."

पंखा बंद करून घामाघूम बसून राहिली माझ्याजवळ.

११ मे, संध्याकाळ
रुचिराला उजव्या खांद्यावर घेतलं होतं. वळवळली, डावीकडे घसरली, मूठ नेमकी तिथेच. जीव गेला! डोळ्यांतून घळाघळा पाणी. प्रांजलनं घाईनं हात पुढे केले, "द्या आई, द्या इकडे."

म्हटलं, नको.