थोरल्याच्या गळ्यातली रिंग

आन ती रिंग माझीच होती, आबा. तुमी काहीबी म्हणा. लहान सायकलचा सांगाडा तुमीच भंगारातून आणला, रंग दिला, पुढचं चाक बसवलं. मागच्या चाकाच्या रिंगेत आरे घालायचे तेवढे राहिले होते. औंढ्यातलं आपलं पंक्चरचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक पेटी, पाण्याचं घमेलं आन हवेचा पंप. त्याच्या शेजारी तुमी कडूलिंबाचं बोटभर रोप लावलं. शेळ्या शेंडा खाऊन राहिल्या म्हणून तीन काठ्या रोवल्या, माझी रिंग वरून त्याच्या गळ्यात घातली आन तिला काटे बांधले. मी रस्त्यात लोळण घेतली. तुमी पान्हा खाली ठेवून म्हणालात, “अरे, त्याला पाय न्हाईत. शेळी आली तर त्यानं काय करावं? तुला पळता येतं.” दुसरी रिंग आणतो म्हणालात. ती काही आली न्हाई.

गिऱ्हाईक विचारायचं, पोरं किती? तुमी म्हणायचे, “दोन. थोरला हा उभा, धाकटं हे रडून राहिलं.” लोक हसायचे. पंक्चर बघायचं घमेल्यातलं पाणी संध्याकाळी थोरल्याला. मी हात धुवायला मागितलं की, “जा हापशावर.” तुमी गेलात तेव्हा मी सहावीत होतो. शाळा सुटली आन मी पळालो. पळता येतं म्हणाला होतात न्हाई का?

आता पुण्यात गाडीवर घरोघर पार्सल पोचवतो. इथले रस्ते मला नावानं कमी आन सावलीनं जास्ती ठाऊक हायत. जिथं जुनी झाडं हायत तिथं अंगाला गार वारा लागतो, धूळबी कमी. नव्या रुंद रस्त्याला एक झाड न्हाई. तिथं हेल्मेटमधी डोकं शिजतं, आन दिवस बुडाला तरी भिंतींतून वाफ येऊन राहते. दुपारी सिग्नल लाल झाला की गाड्या पांढऱ्या पट्ट्यापाशी जातच न्हाईत. पार मागं, एका झाडाच्या सावलीत गच्च उभ्या. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. मीबी तिथंच घुसतो. आन दर बारीला वाटतं, हाबी कुणाचा तरी थोरला असणार, आन याच्यापायी कुणाचं तरी चाक गेलं असणार.

तिकडं औंढ्यात आई आता आपल्या थोरल्याच्याच खाली बेल-नारळाची पाटी लावते. नागनाथाला येणाऱ्यांचे पाय भाजतात, ते सावलीत थांबतात, आन थांबले की नारळ घेतात. समोर पत्र्याखाली बसणारा दुकानदार जळून म्हणतो, “मावशी, तुमचं काय बाबा! तुमचं पोरगं डोक्यावर छत्री धरून उभं हाय.” आई हे मला फोनवर हसून सांगते. मला हसू येत न्हाई. पोरगं म्हणजे मी न्हाई ना, तो. मी इकडं लोकांच्या दारात, तो तिकडं आईजवळ.

परवा तिचा फोन आला. रिंग खोडात रुतली, साल वरून फुगली. “आवळून राहिली रे ती त्याला. वरच्या फांद्या वाळू लागल्या. वेल्डिंगवाला कापून देतो म्हणे. पण रिंग तुझी हाय. तू म्हणशील तवाच.” मी बघू म्हणलं आन फोन ठेवला. खरं सांगू आबा, मला बरं वाटलं. आवळू दे, म्हणलं मनात. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच सिग्नलला, त्याच सावलीत उभा होतो. दिवा हिरवा झाला, सगळे गेले, मी तिथंच. मला आई दिसून राहिली, उघड्या उन्हात, पदर डोक्यावर ओढून, पाटीवरच्या बेलावर पाणी शिंपडताना.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा न्हाई, मला ठाऊक हाय. गाडीच्या डिक्कीत राहील. आईला सांगितलं, काप. रिंग भंगारात देऊ नको, वाकडी झाली तरी ठेव. वेल्डिंगवाला तीनशे घेतो म्हणे. राहिलेल्यातून थोरल्याला टँकरचं पाणी घाल म्हणलं, यंदा ऊन लई हाय. पाचशे पाठवून राहिलो.