पट्टीची गंमत

३ मार्च
आले बाई पिंपळे सौदागरला, लेकाच्या बाराव्या मजल्यावर. चाकणला दारावरून कांद्याचे ट्रक जायचे. इथं खिडकीत पारवे येतात, तेही न विचारता. मी, पुतळाबाई, सांगते. नात साक्षी लिहिते. मला अक्षर येत न्हाई, पण तिला तरी कुठं भाकरी येते? फिट्टंफाट. सांगेन त्यातला शब्द गाळायचा न्हाई, अशी शपथ घातलीय तिला.

८ मार्च
सूनबाईच्या, म्हणजे तनुजाच्या, कंपनीत रक्त तपासायचं यंत्र बनतं. पट्टीवर थेंब टाकला की पंधरा मिनिटांत कॅन्सरचा माग लागतो म्हणे. लाल दिवा लागला तर मोठ्या दवाखान्यात जाऊन खात्री करायची. आज एक यंत्र घरी आणलं. साक्षीनं माझ्या नि स्वतःच्या बोटाला टोचलं, पट्ट्या आपापल्या नावाच्या चिठ्ठीवर ठेवल्या नि हात धुवायला गेली. तेवढ्यात मी एक गंमत केली. काय ते आत्ता सांगणार न्हाई. साक्षी म्हणते, आज्जे, चावट आहेस. मग सूनबाईनं पट्ट्या यंत्रात सारल्या. निकाल विचारला, तर सगळं ठीक म्हणाली. हुकली माझी गंमत.

२० मार्च
माझे लाड चाललेत. आदिनाथ, माझा लेक, रोज पेढे आणतो. जन्मात कधी पाय न चेपलेली सून पाय चेपते. काय गं, मी मरतेय की काय, म्हटलं. तर उठून आतच गेली. साक्षी माझ्या खोलीत टेप घेऊन मापत होती. तिचं टेबल खिडकीशी बसेल म्हणे. बसेल की, मी उठल्यावर.

९ एप्रिल
साक्षीच्या दंडावर काळेनिळे डाग. कुठं धडपडले आठवत नाही, म्हणते. दात घासताना रक्त येतं. परीक्षेचं जागरण, म्हणे.

२ मे
लिहिता लिहिता पेंगते पोर. हात गार. नखं पांढरी —

३ मे
दाराआडून ऐकलं. माझ्या नावाला लाल दिवा लागला होता. तेव्हाच. आदिनाथ म्हणत होता, ऐंशीची झाली, कशाला दवाखान्यात हाल, न सांगताच जाऊ दे. साक्षीही हो म्हणाली होती. दोन महिने —

मान का खाली घातलीस? लिही. मी रागावले न्हाई.

त्या दिवशी — यंत्र लई शहाणं ना, म्हातारं रक्त नि कवळं रक्त ओळखतंय का बघावं म्हणून — मी पट्ट्या —

शपथ हाय तुला, गाळू नको. माझ्या चिठ्ठीवरची ती पट्टी तु