महारुद्र सरांची अभिमानाची कामगिरी

परभणी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रियांका,

सप्रेम जय भीम. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं होऊन गेली, म्हणून हे कागदावर. राणीसावरगावच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझ्या गोपाळदादाच्या हाती पडलं तर त्याने रागावून चुलीत न घालता तुला द्यावं, एवढी त्याला विनंती.

इकडे सगळं बरं आहे. बोरीला घरी माझ्या आईचे गुडघे थंडीने धरलेत. कंपनीत बी वाळवायचा नवीन ड्रायर बसलाय, कँटीनचा चहा मात्र तसाच, नुसतं गोड पाणी. आणि महारुद्र कंपनीतून गेला. आपल्या उगवण चाचणीच्या लॅबचा साहेब, तोच. आजपासून मी त्याच्या नावापुढे सर लावणार नाही.

जालन्याच्या एका मोठ्या बियाणे कंपनीत तो वरच्या हुद्द्यावर चालला होता. सोडून जाणाऱ्याची मुलाखत घ्यायचं काम अजून माझ्याचकडे आहे. आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी कोऱ्या फॉर्मवर खाली सही, मग चहा नि बोलणं, आणि मजकूर मी मागाहून माझ्या अक्षरात भरायचा. "लिहीपर्यंत कोण बसायलंय," म्हणून ही पद्धत त्यानेच लावली होती. वर 'इथली अभिमानाची कामगिरी' या रकान्यात जे असेल ते निरोपाच्या दिवशी, शाल-श्रीफळाच्या आधी, मी सगळ्यांपुढे वाचायचं. हे आपल्या मालकांचं, बन्सीधर शेठजींचं, जुनं वेड.

गुरुवारी तो माझ्यापुढे बसला. झोकात सही ठोकली, पाय पसरले. मी त्याला चढवत गेले. म्हटलं, सर, तुमच्यासारखा माणूस परत मिळायचा नाही, सगळ्यात अवघड प्रसंग कोणता हो आला? मुद्दाम विचारलं. किती दिवसांपासून विचारायचं होतं.

"अगं, सोयाबीनचा तो लॉट!" म्हणाला. "उगवण चोपन्न टक्के आली होती, विकायला सत्तर लागती. गाड्या भरून उभ्या. मी खोडलं आन् एकाहत्तर केलं, सोडल्या गाड्या. मग गावागावातनं लोक बोंबलायले, तवा त्या राणीसावरगावच्या पोरीला पुढं केलं. मोजणीत चुकली म्हणलं. लय शहाणपणा करायली होती. कंपनी वाचली का न्हाई?" आणि चहाचा घोट घेऊन हसला. "हे लिहू नको बरं का. तू आपलं काहीतरी छान लिही."

मी छान लिहिलं. त्याचाच शब्द न शब्द लिहिला. इतकं सुवाच्य अक्षर माझं शाळेतसुद्धा नव्हतं.

काल निरोप होता. स्वतःचा थाट दाखवायला त्याने जालन्याच्या दोन साहेबांनाही बोलावलं होतं. डोक्यावर फेटा, पुढे हार, सगळा कारखाना जमलेला. मी उभी राहिले आणि वाचलं. घाई केली नाही. चोपन्न आलं तिथे थांबले, एकाहत्तर आलं तिथे थांबले. तुझं गाव आलं तिथे त्याच्याकडे बघून थांबले. तो ओरडला, "हे मी सांगितलंच न्हाई!" शेठजींनी माझ्या हातातून कागद घेतला, खालची सही बघितली आणि लॅबचं जुनं रजिस्टर मागवलं. तुझ्या हातचं चोपन्न त्या खाडाखोडीखाली अजून स्पष्ट दिसतं. जालन्याचे साहेब चहा तसाच टाकून गाडीत जाऊन बसले. हा त्यांच्यामागे धावला, फेटा सुटत होता. गाडी थांबली नाही.

मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटतं का? अजिबात नाही. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तो फाटकापाशी उभा होता तसा मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटत होता.

सकाळी इथवर लिहून पाकीट चिकटवलं होतं. आता रात्री ते उघडलं, कारण मधली एक गोष्ट मी गाळली.

गाडी गेल्यावर सगळे आत वळत होते. तेव्हा लॅब झाडणाऱ्या सरजाबाई बोलल्या. "पर बबिताबाई, त्या पोरीचं तवा तुमीच लिवून घेतलं न्हवं? तिनं तुमाला चोपन्न सांगितलं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, मावशी, नंतर बोलू. आणि पेढ्याचं ताट पुढे केलं.

प्रियांका, तू सांगितलं होतंस. दोन तास बोलत होतीस. उगवलं नाही म्हणून गावातली माणसं दारात येऊन "हिच्या हातचं बी" म्हणून ओरडली, तुझ्या आबांनी विहारात जाणं सोडलं, सगळं सांगितलंस. मी मान डोलवत होते. सही तुझी आधीच घेऊन झाली होती. तू गेल्यावर महारुद्र आत आला आणि त्याने उभ्या उभ्या एक वाक्य सांगितलं: 'मोजणीत माझ्याकडून चूक झाली, म्हणून राजीनामा देत आहे.' पुढे त्याने तुझ्या गावात येऊन लोकांना तुझी कबुली म्हणून दाखवला, तो हाच कागद. तुला वाटतं, त्या वेळी मजकूर त्यानेच भरला आणि मी घाबरून गप्प बसले. तेवढ्यासाठीच तू मला तोडलंस. पण ते अक्षर माझं आहे. तेव्हा मला नोकरीत कायम करायचं पत्र त्याच्या टेबलावर पडलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मिळालं आणि मी लॅबमध्ये पेढे वाटले. तुझ्या रिकाम्या टेबलावरही एक ठेवला होता.

उद्या सकाळी मी शेठजींना राजीनामा देणार आहे. माझी मुलाखत घ्यायला दुसरं कुणी नाही, तेव्हा माझा फॉर्म मीच भरला. आधी सगळा मजकूर लिहिला, वाचला, मग सही केली. सोडण्याचं कारण असं लिहिलंय: 'प्रियांकाने खरं सांगितलं होतं. तिच्या सहीवर खोटी कबुली मी लिहिली.' त्याची एक प्रत सोबत आहे. ज्यांनी तुझ्या दारात येऊन आरडाओरडा केला त्यांना ती वाचून दाखव. पारावर चिकटव. नाहीतर घेऊन बोरीला ये आणि माझ्या आईसमोर, माझ्या तोंडावर मोठ्याने वाच. उद्यापासून मी तिथेच असेन. दाराला कडी लावणार नाही.

महारुद्रचा सूड मी तुझ्यासाठी घेतला असं लिहिणार होते. तेही खोटंच. तो मी माझ्या मनाची जळजळ थांबावी म्हणून घेतला, आणि ती थांबली नाही. माझ्यावरचा सूड तुझा आहे. तो तू घे. माफ मात्र करू नकोस.

तुझ्या नावाने खोटं लिहिणारी,
बबिता