तुमची ती फाईल काढायची आहे

सर, सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं. तुम्ही गेल्याला पंधरा वर्षं होऊन गेली. मराठी शब्द वर्णक्रमाने लावून देणारा तुमचा तो प्रोग्रॅम अजून चालू आहे, शाळांची ग्रंथालयं पुस्तकांच्या याद्या त्यावरच लावतात. तो आता मी सांभाळते, नोकरीतून उरलेल्या वेळात, फुकट, तुम्ही सांभाळायचात तसाच. सोबतीला नागपूरकडची एक मुलगी आहे, हिंजवडीत नोकरी करते. हुशार आहे आणि माझ्यावर वैतागलेली आहे. प्रोग्रॅम ज्या पायथॉन भाषेत लिहिलाय, तिची जुनी आवृत्ती तिच्या कर्त्यांनीच केव्हाची वाऱ्यावर सोडली. आम्ही मात्र जुन्या कॉम्प्युटरवाल्या शाळांसाठी प्रत्येक बदल अजून दोनदा लिहितो, एकदा नव्या आवृत्तीत, एकदा जुन्या. ती मुलगी म्हणते, आता पुरे. मी दर वर्षी म्हणते, पुढच्या वर्षी बघू.

असं काही बंद करायचं म्हटलं की मला तो दिवस आठवतो. शनिवार पेठेतली आपली दोन खोल्यांची कचेरी, खाली छापखान्याची धडधड, आणि मी तुमच्या हाताखाली नुकती कामाला लागलेली, अंगात भलती मस्ती. तेव्हाही जुन्या कॉम्प्युटरांवर चालणारी एक जुनी आवृत्ती होती. मी कोणालाही न विचारता तिची सोय काढून टाकली आणि नवी सीडी सगळ्या शाळांना धाडून दिली. चार दिवसांनी मांजरी गावातल्या एका शाळेतून ग्रंथपाल बाईंचा फोन. "अहो, यादीच निघंना झालीय. उद्या तपासणीला सायेब येणार हायत." तुम्ही फोन ठेवता, चष्मा पुसता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "वा! आपण पडलो मोठी माणसं. जुनी यंत्रं आपल्याला दिसायची कुठून?" मग उठून स्कूटरची किल्ली घेता. "चला. आपल्या प्रगतीचे परिणाम पाहून येऊ." आपण स्कूटरवरून मांजरी गाठली. तिथे बाईंनी पुस्तकांची नावं वाचली आणि आपण दोघांनी संध्याकाळपर्यंत हाताने यादी लिहिली. चूक माझी होती, पण अर्धी यादी तुम्ही लिहिलीत, हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. परतताना मंडईपाशी थांबून तुम्ही अंजिरं घेतलीत आणि पुडा माझ्या हातात दिलात. "खा. आणि यापुढे काही बंद करायचं असेल तर आधी एकेकाला फोन. पत्र नको. पत्राला लोक उत्तरं देत नाहीत." मी इतकी फुगले होते की एकही अंजीर खाल्लं नाही. आज त्याचंसुद्धा वाईट वाटतं.

आता बंद करायच्या पायथॉनच्या जुन्या आवृत्तीत देवनागरी धड चालत नसे, म्हणून तुम्ही एक वेगळी फाईल लिहिली होतीत. बाकीचा प्रोग्रॅम इतक्यांदा बदलला की त्यात तुमचं आता काही उरलेलं नाही. ही फाईल तेवढी जशीच्या तशी आहे, आणि जुनी आवृत्ती बंद केली की नेमकी तीच काढावी लागणार. मध्ये मध्ये वाचणाऱ्यासाठी तुमच्या टिपा आहेत. एका जागी लिहिलंय, 'ळ हा ह नंतरच येतो. पटत नसेल तर शब्दकोश उघडा, माझ्याशी वाद घालू नका.' काही दुरुस्त करायचं नसलं तरी मी ती फाईल उघडते. वाचताना तुम्ही शेजारच्या खुर्चीवर असल्यासारखं वाटतं आणि खरं सांगते सर, तेवढ्यासाठीच उघडते. त्या मुलीला एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, "मॅडम, काढली तरी जात नाही ना ती, हिस्टरीत राहतेच, जुनं सगळं असतं तिथे." राहते, खरं आहे. पण तिथे मुद्दाम शोधत जावं लागतं. शेजारी असणं आणि शोधत जाणं यात फरक आहे, तो तिला कसा सांगू?

शेवटी या आठवड्यात मी तुमच्या पद्धतीने फोन केले. प्रत्येक शाळेला, एकेक करून. मनातून वाटत होतं, कोणीतरी म्हणावं, "अहो, बंद करू नका, आमचं अडेल." कोणीही म्हणालं नाही. एका शाळेत नवे कॉम्प्युटर येऊन सहा वर्षं झाली होती. एका ठिकाणच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अजून तुम्ही ते चालवता?" मांजरीला तर तुम्हाला ओळखणारं कोणी उरलेलंच नाही. शेवटचा फोन ठेवला आणि यादीतल्या शेवटच्या शाळेपुढे खूण केली. तुमच्या नियमाप्रमाणे आता अडवणारं कोणी नव्हतं.

आज दुपारी त्या मुलीने विचारलं, "झाले का फोन?" मी म्हटलं, "झाले. एका शाळेत अजून जुनंच चालतं. वर्षभर तरी थांबावं लागेल." मला वाटलं चिडेल. पण ती लगेच म्हणाली, "मग थांबू ना मॅडम. त्यांचं काम कशाला अडवायचं?" तुम्ही असतात तर तिला तुमच्याच हाताखाली घेतलं असतंत. आता वर्षभर ती पोर प्रत्येक बदल दोनदा लिहील, तक्रार न करता, त्या शाळेसाठी. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. सर, तशी शाळा कुठेही नाही.